हातभर उघडं शटर

तास चालू असताना मी फोन घेत नाही. त्या दिवशी बायकोचा चौथ्यांदा आला, तेव्हा वर्गाबाहेर येऊन घेतला. "साळवेभाऊ गेले," ती म्हणाली. "गॅरेजमध्ये... शटर पूर्ण लावलेलं होतं आणि आत गाडी चालू होती." आमच्या नाशिकरोडच्या घराखाली बारा वर्षं साळवेभाऊंचं गॅरेज होतं. मी फळ्यासमोर परत गेलो, पण काय लिहीत होतो तेच आठवेना. शटर लावलेलं होतं म्हटल्यावर मला सगळं कळलं होतं. ते आज सहा आठवड्यांनी लिहितो आहे.

साळवेभाऊ म्हणजे नियमांचा माणूस. देवळाली कॅम्पातल्या एका वर्कशॉपमध्ये काम शिकले, ती शिस्त अंगात भिनलेली. बॉनेट उघडायच्या आधी अंगठी आणि घड्याळ काढून डब्यात टाकायचे. गाडीची चावी स्वतःच्या खिशात, म्हणजे हात इंजिनात असताना कुणी शहाणा स्टार्टर मारायला नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते कधी गेले नाहीत. खाली स्टँड लावून गाडी दोनदा हलवून बघायचे. एकदा माझी गाडी तापली म्हणून मी घाईनं रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तर आठवीतल्या पोराला मारावी तशी हातावर चापट बसली. "मास्तर, तिला राग आलाय, आधी उतरू द्या. तोंड भाजलं तर शिकवाल कसं?" मला रागच आला होता. अर्ध्या तासानं त्यांनी फडकं टाकून झाकण हळूच सैल केलं, तरी फुस्सकन वाफ आली, आणि मी गुपचूप दोन चहा सांगितले. धुराबद्दल तर त्यांचं बोलणं ठरलेलं होतं. "काळा धूर दिसतो, माणूस पळतो. न दिसणारा वायू झोपवून नेतो. बंद जागेत इंजिन नाय चालवायचं, म्हंजे नाय."

थंडीत मी आईला निफाडहून इकडे आणलं. तिला दमा, आणि तिची खिडकी नेमकी गॅरेजच्या वर. मी खाली जाऊन धूर वर येतो म्हणून सांगितलं. "आधी सांगायचं ना," भाऊ म्हणाले, आणि त्या दिवसापासून इंजिन चालू करायचं असलं की ते शटर खाली ओढू लागले. "हातभर फट ठेवतो. मला बी श्वास लागतो ना," असं हसत म्हणाले. चार दिवसांनी मी पुन्हा गेलो. "भाऊ, त्या फटीतून अजून येतो हो थोडा." मला शंभरदा ऐकवलेला नियम त्यांनी तेव्हा ऐकवला नाही, आणि मलाही तो आठवला नाही... खरं सांगायचं तर आठवला होता. पण वर आई खोकत होती. "दोन मिनिटांचं तर काम असतं. बघतो," ते म्हणाले. मला बेधडक चापट मारणारा माणूस माझ्या आईचं नाव निघताच भिडेला बळी पडला. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो फोन आला.

भाऊ गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो तो हेच म्हणत होता, की इतका जपणारा माणूस स्वतःच कसा चुकला. त्यांची मुलगी मनीषा माझ्याजवळ येऊन बसली. "जगाला नियम शिकवले, काका, आणि स्वतः विसरले. मला पप्पांचा रागच येतो." मी "होतं असं कधी कधी" म्हणालो आणि खाली बघत राहिलो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. माणूस तर गेलाच, आणि माझ्या गप्प बसण्यानं तो लेकीच्या मनातूनही उतरत होता.

गेल्या रविवारी मनीषा गॅरेज आवरायला आली. मी खाली उतरलो आणि दोन्ही वेळचं सगळं सांगितलं. ती पान्यांचा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "म्हणजे पप्पा विसरले नव्हते." तिनं शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. तिनं दिल्या नाहीत. खाली बसली आणि एकेक पाना पुसून, वडिलांसारखंच, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावू लागली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "आजींचा खोकला कसा आहे?"

"थांबलाय," मी म्हणालो.