उन्हात तळलेला वडा

रेवसपासून अलिबागपर्यंत, "माझं चुकलं" हे दोन शब्द ज्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेले नाहीत असे एकच गृहस्थ आहेत, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा आहेत. जन्मभर लाँचचं इंजिन सांभाळलं, त्यामुळे कुठलीही वस्तू खोलून पुन्हा जोडली की सुधारते, असं त्यांचं ठाम मत. घरातला पंखा सुधारला तेव्हा दोन स्क्रू उरले, तर "कंपनीनंच जास्त घातलेले," म्हणून मोकळे! पंखा तेव्हापासून उलटा फिरतो. मामांच्या मते तीच त्याची खरी दिशा.

हा माणूस गेल्या वर्षी स्वयंपाकघरात घुसला, तो मामींच्या हृदयापायी. अलिबागच्या डॉक्टरांनी मामींचं तळण बंद केलं. आता ह्या बाईचा जेट्टीवरच्या वडापावावर एवढा जीव, की मासळी घ्यायला निघाली तरी आधी वडा, मग बाजार. पथ्य सुरू झालं आणि मामींचं जेवणच तुटलं. पेजेचे दोन घोट घ्यायच्या आणि ताट सरकवायच्या. पोलकी सैल झाली. डॉक्टर वैतागून म्हणाले, "अहो, काहीही करा, पण ह्यांच्या पोटात अन्न गेलं पाहिजे." मामांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "वडाच घालतो. तेलाबिगर. आन तिनं दुसरा मागितला न्हाय, तर इंजिनवाला म्हनू नका मला."

मग सुरू झालं बाबा! बटाट्याच्या जागी दुधी आला, तो वडा हातातच वितळला. नाचणीचा पाव झाला, तो अजून मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेला आहे. मोदकपात्रात वाफवलेला वडा दिसायला बरा होता, पण मऊ, पांढुरका. मामी बिचाऱ्या प्रत्येक वेळी एक खायच्या, पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "चांगला हाय वो." दुसरा काही मागायच्या नाहीत. मामा मात्र दर वेळी फोनवर मला सांगायचे, "जावय, नव्वद टक्के काम झालंय!"

एका रविवारी मी लाँचने रेवसला उतरून त्यांच्याकडे गेलो, तर अंगणात मामा छत्री धरून बसलेले. समोर जाळीवर वाफवलेले सहा वडे उन्हात. "तेल कशाला पायजे? ऊन हाय ना! वरनं कडक झालं पायजे, बस." एका हाताने ते कावळे हाकलत होते. शेजारणीने बाजूलाच जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी, वाळत घातला होता, हे मात्र त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. अकराच्या सुमाराला खाडीवरून वारा सुटला आणि सगळा जवळा उडून ओल्या बेसनावर चिकटला. वडे झाले केसाळ! शेजारीण बोंबलत आली. मामा शांतपणे म्हणाले, "असंच करायचं होतं मला." आणि तव्यावर थेंबभर तेल पुसून त्यांनी ते सहाही वडे खरपूस भाजले. घरभर भाजल्या जवळ्याचा वास सुटला.

मामींनी एक घास घेतला. मग पटापट सगळा संपवला, बोटं चाटली आणि ताटली पुढं केली. "अजून हाय का?"

मामांच्या चिमट्यातून वडा दोनदा निसटला, शेवटी मी वाढला. मामी म्हणाल्या, "तुमीबी घ्या की एक. जेट्टीवरचा तरी कधी खाल्लात शेवटचा?"

मामा एकदम चिडले. "तुला दवाखान्यात न्हेली त्याच्या आदल्या दिवशी! एकट्यानं काय खायचा त्यो?"

मामी खाता खाता थांबल्या. त्या सकाळी जेट्टीवर उतरल्या उतरल्या मी दोन गरम वडे हाणले होते, एकट्याने. परतीच्या लाँचमध्ये बसून मी मुंबईला बायकोला फोन लावला आणि विचारलं, "दुपारी काय जेवलीस गं?"

ती म्हणाली, "आज कसं काय विचारलंत?"