यादीत नसलेली कॅप्सूल

समोरच्या माणसाच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिल्याशिवाय बाईंचं बोलणं सुरू होत नसे. "फिकट आहे," एवढंच म्हणायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांचीही त्यांनी पापणी ओढली. साहेब दचकून खुर्चीसकट मागे सरकले.

ऐंशीच्या दशकात दिघ्याच्या एका कुष्ठरोग दवाखान्यात बाई नर्स होत्या आणि मी रक्त तपासत असे. आमच्या गोळ्यांनी रोग आटोक्यात यायचा, पण काहींच्या रक्तातल्या लाल पेशी त्याच गोळ्यांनी फुटायच्या. माणूस पांढरा पडायचा. खाणीत काम करणाऱ्या शेवंताने एक दिवस गोळ्यांची पुडी टेबलावर ठेवली.

"बाई, ही खाल्ली की दम लागतोय. पाटी उचलंना. मला नको."

"सोडलीस तर बोटं जातील गं!"

"आन् खाल्ली तर काम जाईल."

बाईंना हे सहन होईना. ई जीवनसत्त्व लाल पेशींचं आवरण सांभाळतं, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. त्याच्या कॅप्सूल मिळाव्यात म्हणून वरच्या कचेरीत अर्ज केला. उत्तर आलं, 'मंजूर औषधांच्या यादीत नाही.' पुन्हा केला. पुन्हा तेच. मग औषध कंपनीचा माणूस आला की बाई सरळ त्याच्या बॅगेतून नमुन्याच्या कॅप्सूल काढून घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले, "द्या. अपाय तर नाही."

शेवंतासकट चार जणांना त्या मिळाल्या. दोन महिन्यांनी मी रक्त तपासलं. शेवंताचं आणि आणखी एकाचं हिमोग्लोबिन थोडं वाढलं होतं. उरलेल्या दोघांचं होतं तिथेच.

"म्हणजे गुण येतो की नाही?"

"चार माणसांवरून सांगता येत नाही, बाई."

"मग चाळीस जणांपुरत्या कॅप्सूल कोण देणार? तू?" बाई ओरडल्या. मग स्वतःच माझ्यासाठी चहा ओतला. निम्मा बशीत सांडला.

नमुने संपले. माझे आकडे जोडून बाईंनी तिसरा अर्ज धाडला. त्याचं उत्तर आलं नाही, बाईंच्या बदलीचा हुकूम आला. तुम्हीही कचेऱ्या पाहिल्या असतील. दोन्हींचा संबंध होता की नव्हता, हे तिथे कुणी सांगत नाही.

पुढच्या आठवड्यात शेवंता आली. नव्या नर्सकडे पाहून दारातच थांबली.

"बाई कुठंयत?"

"येतील पुढच्या आठवड्यात. तोवर गोळी सोडू नको."

दोन महिने दर आठवड्याला ती विचारत राहिली आणि मी तेच सांगत राहिलो. मग तिने विचारणं सोडलं. त्यानंतर येणंही.