देव्हाऱ्यातली घोरपड

पोस्टानं पार्सल आलं, त्यात हे निघालं: साठीशांतीची पत्रिका एक. म्हैसूरपाक अर्धा किलो, दोनशे ऐंशीचा, त्यातला निम्मा भुगा झालेला. चंदनाच्या उदबत्तीचे पुडे दोन, साठ रुपये. ब्लाउजपीस एक, घरच्याच दुकानातला म्हणून किंमत लिहीत नाही. आणि लाल मखमलीची डबी एक, सातशे रुपये. डबीत लवंगा-वेलदोड्यांवर शेंदूर माखलेली बोटभर मुळी होती. दोन हात कोपरापासून जोडावेत तशी दिसणारी.

पाठवणारी माझी मोठी नणंद, अक्का. लग्न होऊन म्हैसूरच्या अग्रहार भागात गेली त्याला तीसेक वर्षं झाली. तिच्या यजमानांचं, दाजींचं, तिथं शिंपीकामाचं दुकान आहे. साठीशांत त्यांचीच. मी फोनवर किंमत विचारली तर म्हणाली, सातशे, पण किमतीचं सोड, ही हाताजोडी, जंगलातली मुळी, देव्हाऱ्यात ठेवली की घरात लक्ष्मी टिकते. सातशे रुपये घालवून लक्ष्मी टिकवायची, हे गणित मला पटलं नाही. पण नणंदेनं प्रेमानं पाठवलेलं. मी मुळी विठोबाच्या पायाशी ठेवली आणि रोज हळदकुंकू वाहू लागले. आमच्या ह्यांचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते, तेव्हा शांतीला मी एकटीच जायचं ठरलं.

सांगलीहून जाणाऱ्यांसाठी सांगते. मिरजेला दुपारची गाडी धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैसूर. स्लीपरचं तिकीट चारशेच्या आतबाहेर. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही घरून न्या, गाडीतलं जेवण महाग आणि बेचव. पहाटे खिडकी उघडली तर नारळाच्या बागा आणि लाल माती. स्टेशनहून अग्रहारापर्यंत रिक्षावाल्यानं दीडशे सांगितले, मी कन्नड येत असल्यासारखी मान हलवत चालू लागले, तो सत्तरावर आला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी अक्काबरोबर चामुंडीच्या डोंगरावर गेले. सरकारी बसमध्ये कर्नाटकातल्या बायकांना तिकीट फुकट. माझं आधारकार्ड सांगलीचं, म्हणून मला पैसे पडले. देवीपुढं आम्ही दोघी सारख्याच, बसमध्ये मात्र परराज्यातली, असं मी म्हटलं तर अक्का हसत सुटली. "सुम्ने बस की गं, मी देते तुझे," म्हणाली. सुम्ने म्हणजे उगीमुगी. तिच्या मराठीत आता निम्मं कन्नड असतं.

वरून शहराचे दिवे दिसत होते. तिथं बसल्यावर तिनं मनातलं सांगितलं. तयार कपड्यांपुढं दुकानाला गिऱ्हाईक उरलं नाही. एका पूजासामानाच्या दुकानदारानं हाताजोडी दिली आणि योगायोगानं त्याच आठवड्यात शाळेच्या गणवेशाचं मोठं काम आलं. तेव्हापासून तिची श्रद्धा बसली. भिशीचे सगळे पैसे घालून तिनं अशा पंचवीस-तीस डब्या घेतल्या होत्या. माझ्यासकट लांबच्या पाच घरी पत्रिकेबरोबर पोस्टानं पाठवल्या, उरलेल्या शांतीच्या दिवशी सवाष्णींना वाण म्हणून द्यायच्या. "आपल्याला लाभलं ते सगळ्यांना लाभू दे," म्हणाली. मला तिचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी अक्का स्वयंपाक्याच्या गडबडीत, म्हणून मला प्राणिसंग्रहालय दाखवायला दाजींची पुतणी मीनाक्षी आली. ती सरस्वतीपुरमला राहते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, मला मामी म्हणते. तिकीट शंभराच्या वर आहे, मंगळवारी बंद असतं, आणि चालणं भरपूर, तेव्हा चपला जुन्याच घाला. झाडी इतकी दाट की ऊन लागत नाही. जिराफ मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पिंजऱ्यांपुढच्या पाट्यांवर प्राण्याच्या नावाखाली 'अनुसूची एक', 'अनुसूची दोन' असं काही लिहिलेलं होतं. मी विचारलं, हे काय, परीक्षेतला वर्ग आहे का?

मीनाक्षीनं बाकावर बसवून समजावलं. आपल्या देशाच्या वन्यजीव कायद्यात याद्या आहेत, त्यांनाच अनुसूची म्हणतात. पहिल्या यादीतल्या प्राण्याला कडक संरक्षण: मारायचं नाही, पाळायचं नाही, त्याचं कातडं, नख, हाड काहीही विकायचं नाही, घ्यायचं नाही. दुसऱ्या यादीतल्यांनाही संरक्षण आहे, पण शिक्षा त्या मानानं कमी. झाडांची यादी वेगळी. शिवाय जगातल्या देशांनी मिळून एक करार केलाय, त्याची तीन परिशिष्टं. पहिल्यातल्याचा व्यापार बंद, दुसऱ्यातल्याचा परवाना घेऊन, बेतानं. तिसऱ्यात एखादा देश म्हणतो, आमच्याकडचं एवढं सांभाळायला मदत करा. म्हणजे आपल्या सोवळ्यासारखंच की, मी म्हटलं. काहीला शिवायचंच नाही, काहीला हात धुऊन शिवायचं. ती म्हणाली, अगदी तसंच. इथल्या शिसवीच्या जडावकामाच्या पेट्या दिसतात ना, ती शिसव करारात दुसऱ्या परिशिष्टात. पूर्वी त्या कामात हस्तिदंत बसवत, आता पांढरं प्लॅस्टिक बसवतात, कारण हत्ती पहिल्यात. मोर आपल्या कायद्यात पहिल्या यादीत, तरी आपोआप गळलेलं पीस देवाच्या कुंच्याला चालतं, फक्त देशाबाहेर न्यायचं नाही.

पुढच्या पिंजऱ्यात घोरपड होती. दगडावर ऊन खात पडलेली, जीभ आतबाहेर करणारी. मीनाक्षी म्हणाली, ही बिचारी दोन्हीकडं पहिल्या यादीत, तरी लोक तेलासाठी, कातड्यासाठी आणि हाताजोडीसाठी मारतात.

मी म्हटलं, "हाताजोडी तर मुळी असते."

ती माझ्याकडं वळली. "मामी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

जे तिनं नंतर सांगितलं ते लिहावं की नाही, असा विचार मी पुष्कळ केला. बाईमाणसानं लिहू नये असा शब्द आहे. पण असे शब्द कुणी उच्चारत नाही, म्हणूनच हा धंदा चालतो. म्हणून लिहिते. ती मुळी नसते. नर घोरपडीचं लिंग असतं ते, कापून वाळवलेलं. कधी प्लॅस्टिकचं बनवलेलंही विकतात, पण खरं असेल तर ते हेच.

मी शाकाहारी घरातली. अंड्याचा केकही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि महिनाभर मी सकाळी सोवळ्यात त्याच्यावर हळदकुंकू वाहत होते. मी तिथल्याच कट्ट्यावर बसले. मीनाक्षीनं पाणी दिलं. मग तिनं विचारलं, कुणाकडं पाहिलीत? मी सांगितलं की तुझ्या काकूच्या कपाटात आहेत, उद्या वाटायच्या आहेत. तेव्हा तिचाच चेहरा उतरला. तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणाली.

आम्ही रिक्षा केली. पैशांची घासाघीस केली नाही.

अक्का ऐकेना. मीनूला सगळ्यात प्राणीच दिसतात म्हणाली. शांतीच्या आदल्या दिवशी घरात असला विषय काढला म्हणून माझ्यावर रागावली. मी वाद घातला नाही. एक डबी उघडली, ओल्या फडक्यानं शेंदूर पुसला आणि तिच्यापुढं धरली. शेंदराखाली कातडं होतं. ओलं झाल्यावर जुन्या चपलेसारखा वास सुटला. मुळीला तसा वास येत नाही, हे कळायला कॉलेज लागत नाही. अक्कानं ते नाकाजवळ नेलं आणि खाली टाकलं.

मीनाक्षी हळूच म्हणाली, "काकू, घेणं गुन्हा, ठेवणं गुन्हा, आणि वाटणंही गुन्हा. पुण्य म्हणून वाटलं तरी."

अक्का उठली. न्हाणीघरात गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, ओलेत्यानं देव्हाऱ्यातले देव बाहेर काढले आणि एकेकाला आंघोळ घातली. विठोबाला दोनदा. सगळं आटपल्यावर मला म्हणाली, "सुमन, मी त्याच्या पायाशी हे ठेवलं गं."

तिला मी रडताना पाहिलं ते तेवढंच. आणि माझा राग तिथून चढला तो अजून उतरलेला नाही.

आम्ही तिघी त्या दुकानात गेलो. बाजारामागच्या गल्लीत आहे, नाव लिहीत नाही, वनखात्याला सांगितलंय. दुकानदार कपाळभर भस्म लावून बसलेला. आधी म्हणाला, अम्मा, अस्सल मुळी आहे. पुसलेली डबी दाखवल्यावर म्हणाला, पटत नसेल तर बदलून देतो. आणि बदल्यात काय काढलं? काळ्या जाळीदार फांद्यांची एक चौकट. इंद्रजाल म्हणे, समुद्रातलं दैवी झाड, भिंतीला लावलं की दृष्ट लागत नाही. मीनाक्षीनं कपाळाला हात लावला. ते झाड नव्हेच, समुद्रातल्या प्रवाळाच्या जातीचा जीव, आणि तोही पहिल्याच यादीत.

मी त्याला माझ्या मराठीत विचारलं, मीनाक्षीनं कन्नडमध्ये सांगितलं: "हे तुमच्या स्वतःच्या देव्हाऱ्यात आहे का?" त्यानं चौकट उचलून आत ठेवली. म्हणजे त्याला माहीत होतं. ज्याला माहीत आहे तो विकतो आणि ज्याला माहीत नाही तो पूजतो. बिल त्यानं दिलेलं नव्हतं, पैसेही परत दिले नाहीत. अक्काच म्हणाली, "आयतु, चला." झालं, चला.

घरी जाऊन डब्या घेतल्या आणि वनखात्याची कचेरी गाठली. दाजी बरोबर होते. साठीचा नवरदेव डब्यांची पिशवी धरून बसला होता. तिथल्या अधिकाऱ्यानं आरडाओरड केली नाही. डब्या घेतल्या, जबाब लिहून घेतला. आपण होऊन आणून दिल्यात हे बरं केलंत, म्हणाला, पण पुढं काय होईल याचा शब्द मी देऊ शकत नाही, बोलावलं तर यावं लागेल. मग त्यानं विचारलं, आणखी कुठं गेल्यात का? अक्कानं पोस्टानं पाठवलेल्या पाच सांगितल्या. तो म्हणाला, त्याही त्या त्या ठिकाणी जमा झाल्या पाहिजेत आणि तसं लेखी आमच्याकडं आलं पाहिजे. प्राणिसंग्रहालयात दर पिंजऱ्यापुढं यादीची पाटी लावता, ती पूजासामानाच्या बाजारात का लावत नाही, असं मी त्याला विचारलं. त्यानं चहा मागवला. चहा चांगला होता.

शांत मात्र झाली. विठ्ठलमंदिरात होम झाला, चित्रान्न, कोसंबरी, पायसाचं जेवण झालं. वाणाच्या वेळी अक्कानं दुकानातले ब्लाउजपीस वाटले. तिच्या धाकट्या जावेला डब्यांची बातमी आधीच लागलेली असावी. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "काय अक्का, मखमलीतलं वाण कुठं गेलं? आमच्या नशिबी चिंधीच?"

अक्का उठून उभी राहिली. "ते वाण वनखात्यात जमा केलं," म्हणाली, आणि मग ते काय होतं हे मंदिरात सगळ्या बायकांपुढं सांगितलं. तो शब्दसुद्धा उच्चारला. दाजींनी मान खाली घातली, पण थांबवलं नाही. तीन बायका न जेवता उठल्या. दोघी मात्र जवळ येऊन हळूच विचारून गेल्या, आमच्याकडं आहे ते कुठं द्यायचं.

सांगलीला आल्यावर मी माझी डबी वनखात्यात नेली. तिथल्या लेखनिकानं आधी विचारलं, मुळी इथं कशाला आणलीत? मी अनुसूची एक म्हटल्यावर साहेबांना बोलावलं. सकाळची गेलेली दुपारी सुटले, पण पावती घेतल्याशिवाय उठले नाही. तिची प्रत म्हैसूरला पाठवली. प्रवासाचा एकूण खर्च दोन हजारांच्या आत बसला, आणि म्हैसूर बघण्यासारखं आहे, जरूर जा. पण एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला साडेसातशे किलोमीटर जावं लागलं, हे मला सोसत नाही. शाळेच्या पुस्तकाच्या एका पानावर त्या याद्या मावतात. मंदिराच्या भिंतीवरही मावतात. आम्ही बायका पंचांगातली बारीक अक्षरं वाचतो, हीसुद्धा वाचली असती.

पोस्टानं गेलेल्या पाचांपैकी माझी जमा झाली. अक्काच्या कऱ्हाड आणि बार्शीच्या बहिणींनीही जमा करून कळवलं. इचलकरंजीच्या तिच्या मावशीनं घाबरून डबी नदीत सोडली. तसं करू नका, तिला आता तेही लिहून द्यावं लागतंय. राहिली एक. ती अक्काची भजनी मंडळातली जुनी मैत्रीण शकुंतलाबाई यांना साताऱ्याच्या पत्त्यावर गेली. पार्सल कुणीतरी सही करून घेतलंय, पण घराला कुलूप आहे आणि फोन लागत नाही. शेजारी म्हणतात, मुलाकडं मस्कतला जायच्या होत्या. ती डबी सामानात घेऊन त्या विमानतळावर उभ्या राहिल्या तर काय होईल, या विचारानं अक्का रोज मला फोन करते.

शकुंतलाबाई, तुम्ही हे वाचत असाल, किंवा त्यांना ओळखणारं कुणी वाचत असेल, तर डबी मला पाठवू नका, अक्कालाही पाठवू नका, बरोबर तर मुळीच नेऊ नका. जवळच्या वनखात्याच्या कचेरीत द्या, पावती घ्या, आणि तेवढी एक ओळ उलट टपाली कळवा.