काळघळीतला म्हातारा

उसाचा ट्रॅक्टर चालवणारा बाप्या घरी बसून कॉम्प्युटरवर खेळ खेळतो, हे भवानीनगरच्या बाजूला कुणाला सांगायची सोय नाही. लोक तोंडावर हसत नाहीत एवढंच. पाठ वळली की ‘पोरीचा बाप झाला तरी पोरखेळ सुटंना’ म्हणतात. बिरू रूपनवरला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ‘काळघळ’चं वेड त्याने अकरा वर्षं घराच्या चार भिंतींत ठेवलं.

‘काळघळ’ हा पुण्यातल्या चार पोरांनी मिळून केलेला साहसाचा खेळ. मराठीत बोलणारा, सह्याद्रीतल्या एका घळीत घडणारा. खुणा शोधायच्या, कोडी सोडवायची, एकेक दार उघडत आत जायचं. तो निघाला तेव्हा बिरू बारामतीत आयटीआयला होता आणि वर्गात कमी, सायबर कॅफेत जास्त सापडायचा. त्याने तो खेळ नुसता संपवला नाही, त्यातल्या चुकाही वेचून काढल्या. कुठली किल्ली भिंतीतून आरपार जाते, कुठल्या पायरीवर माणूस अडकून बसतो, सगळं त्या पोरांना लिहून कळवलं. पोरंही दिलदार. त्यांनी खेळाच्या शेवटी आभाराच्या यादीत बिरूचं नाव घातलं. आयटीआयचं सर्टिफिकेट कुठल्या पेटीत पडलंय हे बिरूला सांगता आलं नसतं, पण त्या यादीत आपलं नाव सातवं आहे हे तो झोपेतही सांगेल.

खेळाच्या शेवटी घोंगडी पांघरलेला एक म्हातारा खोकत खोकत घळीत शिरतो आणि पडदा काळा होतो. दुसरा भाग येणार, येणार म्हणता म्हणता बिरूचं लग्न झालं, पोरगी झाली, ती दुसरीत गेली, तरी त्याचा पत्ता नव्हता.

चुका हेरायची ही नजर घराण्यातलीच. बिरूचे आजोबा मेंढरं राखायचे आणि तीनशेच्या कळपात कुठलं जित्राब लंगडतंय ते अर्ध्या कोसावरून ओळखायचे. पण हेच आजोबा तिन्हीसांज झाली की भिंतीला हात लावून चालायचे. रातांधळेपणा म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं आणि बोकडाची कलेजी निखाऱ्यावर भाजून त्यांना चारली. कलेजीने त्यांचं काही उजाडलं नाही, पण उपाय तेवढा घरात टिकला. सोयरीकही टिकली. रूपनवरांनी बिरूच्या आजोळच्या हाक्यांच्या मुली करायच्या, हाक्यांनी रूपनवरांच्या. घर माहितीचं, माणसं माहितीची, पोरीला सासुरवास नाही. तीन पिढ्या हेच चाललं. बिरूची बायको रेश्मा त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. या सोयरिकीत वाईट काही असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या ऊसगळिताच्या हंगामात मात्र बिरूला कळून चुकलं. दिवस मावळला की पुढच्या ट्रॉलीचा लाल दिवा तेवढा दिसे, ट्रॉली दिसत नसे. तो गुपचूप बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, सध्या तरी यावर औषध नाही. अंधारात गाडी चालवू नका. मग त्यांनी विचारलं, “लग्न नात्यातलं का?” बिरूने होकारार्थी मान हलवली. “मुलगी आहे ना? तिला घेऊन या. उशीर करू नका.”

घरी येऊन त्याने रेश्माला सांगितलं, “डोळं कोरडं पडल्यात म्हणला. थेंब टाकायचं.” डॉक्टरांचा कागद ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत गेला. रात्रीच्या खेपा त्याने चुलतभाऊ नागेशच्या गळ्यात घातल्या आणि दर रविवारी पावशेर कलेजी आणायला सुरुवात केली. पोरीला, छकुलीला, दवाखान्यात न्यायचं तेवढं पुढच्या आठवड्यावर जात राहिलं. नेत नाही तोवर पोरीला काही झालेलं नाही, असा त्याचा हिशोब. बाप भित्रा असला की असले हिशोब फार चोख जमतात.

आणि यंदाच्या माघात त्या पोरांचा निरोप आला. दुसरा भाग बाजारात यायला अजून अवकाश आहे. पण त्याची सुरुवात आधी चाळीस जुन्या खेळाडूंना दाखवायची आहे, त्यात तुम्ही आहात. खेळा आणि चुका कळवा. बिरूचा आनंद गगनात मावेना. त्या आठवड्यात तो ट्रॅक्टरवर गाणी म्हणत होता.

रविवारी दुपारी जेवण उरकून त्याने पुढचं दार लावलं, खिडकीवर चादर टाकली. खेळ अंधारात खेळा, अशी पोरांची सूचना होती. छकुली येऊन मांडीवर बसली. स्वयंपाकघरात रेश्मा भांडी घासत होती.

घळीचं तोंड आलं. पाण्याचा थेंब टपटपला, वटवाघळं फडफडली. मग म्हातारा खोकला. तोच खोकला, अकरा वर्षांपूर्वीचा! बिरूच्या अंगावर काटा आला. “ये,” म्हातारा म्हणाला, “माझ्यापाशी आल्याबिगर वाट घावायची न्हाय.”

पण म्हातारा होता कुठं? बिरूला पडदा नुसता काळा दिसत होता. त्याने वर, खाली, कडेला, सगळीकडे माऊस फिरवून पाहिला. पडद्याचा उजेड वाढवला. चष्म्यासारखे हात डोळ्यांभोवती धरले. अर्धा तास म्हातारा बोलावत होता आणि बिरू चाचपडत होता. दिवसाढवळ्या, घरात, हातभर अंतरावरचं दिसेना, म्हणजे ट्रॅक्टर गेलाच.

शेवटी त्याने विचारलं, “छकुले, हितं कुणी हुबं दिसतंय का गं?”

छकुलीने मान पुढं काढून पाहिलं. “न्हाय पप्पा. नुसता काळोख हाय.”

“नीट बघ.”

“न्हायच कुणी.”

बिरूने पोरीला उचललं आणि तिचे पटापटा मुके घेतले. छातीवरची धोंड उतरली होती. पोरीलाही दिसत नाही, म्हणजे डोळ्यांत खोट नाही, खेळातच खोट! पोरं म्हाताऱ्याचं चित्र घालायलाच विसरली, नुसता आवाज ठेवला. त्याने तिथल्या तिथं पत्र लिहिलं: तुमचा म्हातारा गायब आहे, सुरुवातीलाच मोठी चूक आहे, ताबडतोब दुरुस्त करा. खाली पूर्ण नाव लिहून पाठवूनही दिलं. दोन वर्षांत इतका सुखी तो कधी झाला नव्हता.

तेवढ्यात रेश्मा चहा घेऊन आतल्या दारात आली. कप द्यायला हात पुढं केला आणि पडद्याकडे बघून म्हणाली, “अवं, ह्यो म्हातारा कवाधरनं बोलवतुया. जात का न्हाय त्याच्याकडं?”

“कुठला म्हातारा?”

“ह्यो काय. घोंगडीवाला. कातळाला टेकून हुबा हाय की.”

छकुलीने एकदा बापाकडे, एकदा आईकडे पाहिलं. आपलं काहीतरी चुकलं, एवढं तिला समजलं. शाळेत फळ्यावरचं दिसलं नाही की ती जे करायची, तेच तिने केलं.

“व्हय व्हय, दिसला! ह्यो बघा!” ती म्हणाली आणि पडद्यावर बोट टेकवलं.

ते बोट बरोबर पडलं की चुकीचं, हे बिरूला कळायला मार्ग नव्हता. त्याने श्वास रोखून रेश्माच्या बोलण्याची वाट पाहिली.

“तितं न्हाय गं,” रेश्मा हळू आवाजात म्हणाली. तिने कप खाली ठेवला. “तितं कुणी न्हाय. तुला खरंच दिसंना?” मग ती बिरूकडे वळली. “तुमालाबी दिसंना. व्हय ना?”

“व्हय.”

“कवापासनं?”

“दोन वरसं झाली. डागतर म्हणला हुता, पोरीला आण. मी न्हाय आणलं.”

रेश्मा मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. आई आपल्या खोटेपणापायी रडते आहे असं वाटून छकुली मांडीवरून खाली उतरली आणि पडद्याला नाक लावून उभी राहिली.

“रडू नगं आई, आता घावला,” ती म्हणाली आणि बोट दुसरीकडं ठेवलं. “हितं? मग हितं?”