थांबे म्हणणारे आबा

आबा स्तोत्र म्हणावं तसे बसचे थांबे म्हणत. "फागणे, अजंग, मुकटी, सबगव्हाण, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव." मध्ये श्वास नाही, चूक नाही, आणि शेवटच्या थांब्याला आवाज किंचित खाली. धुळ्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांचा उभा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर खिडकी सुटली, थांबे सुटले नाहीत. जेवणाची वेळ झाली की अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून सांगायच्या, "गाडी फलाटाला लागली, या आता." आबा निमूट येऊन पाटावर बसायचे. थट्टा त्यांना कळायची, पण हसण्यात वेळ घालवणं त्यांना पटत नसे.

मी शाळेत चित्रकला शिकवते. आमचा पाच-सहा जणांचा गट होता, त्यात एक औषधांचे दुकानदार, एक रिक्षावाले, एक केशकर्तनालयवाले. गटाला नाव नाही, नोंदणी नाही. दर रविवारी सकाळी स्टँडवर राहणाऱ्या बेघर माणसांना पोहे द्यायचे, केस-नखं कापायची, जखमा धुवायच्या, एवढंच काम. एका रविवारी आबा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन अशा थाटात आले आणि ओळखदेख नसताना आमच्यावर उखडले. पोहे देता, मलम लावता, पण यांना घरी कोण पोचवणार, असा त्यांचा सवाल होता. इतक्या वर्षांत त्यांना अख्ख्या जिल्ह्याने गाडी विचारली होती. फलाटावरची ही माणसं मात्र कधी खिडकीपाशी आली नाहीत. "विचारायला येत नाही, त्याचीच चौकशी करायला पाहिजे," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते आमच्यात आले आणि महिन्याभरात गट त्यांचाच झाला.

त्यांची रीत त्यांनी स्वतःच काढलेली होती. बेघर माणूस बहुधा गाव सांगत नाही. कुणाला आठवत नाही, कुणी बोलायचंच सोडून दिलेलं असतं. आबा अशा माणसाच्या समोर उकिडवे बसत आणि हळू आवाजात एकेका रस्त्याचे थांबे म्हणत. आधी जळगावचा रस्ता, मग साक्रीचा, मग शिरपूरचा, चाळीसगावचा. म्हणताना त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर असायची. दहा नावं नुसती वाहून जात, अकराव्याला पापणी हलायची. आबा तिथेच थांबत, ते नाव पुन्हा म्हणत, आणि कधी कधी समोरचा माणूस ढसाढसा रडू लागे. "डोळा थांबला की गाव आलं," असं ते मला सांगत. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या वेळी अंगावर काटा आला होता हेही कबूल करते.

मग चौकशी, फोन, आणि आबा स्वतः त्या माणसाला घेऊन गाडीत बसत. बाईमाणूस असेल तर सोबतीला मी. घरची मंडळी आबांना टोपी-टॉवेल देत, नारळ देत. आबा टोपी घालायचे नाहीत, घडी करून पिशवीत ठेवायचे. घरी आले की एका जुन्या वहीत त्या माणसाचं नाव आणि गाव लिहायचे. त्या वहीवर त्यांचा फार जीव होता. मला वाटतं, आपण आयुष्यात काही केलं याचा पुरावा म्हणून ते तिच्याकडे बघत.

शेवटच्या खांबाशी एक बाई बसत असे. चाळिशीची असेल. झाकण नसलेला स्टीलचा डबा कायम मांडीवर, म्हणून आम्ही तिला डबावाली मावशी म्हणायचो. ती एक अक्षर बोलत नसे. आबांनी तीन रविवार तिच्यासमोर घालवले. तिसऱ्या रविवारी एका नावावर तिची मान झटक्यात वर आली आणि बोटं डब्यावर घट्ट आवळली. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आलं गाव." त्यांचा चेहरा असा उजळला होता की मीही टाळी वाजवली. तिला जायचंय का, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. घरी जायचं नसेल, ही शक्यताच आम्हाला सुचली नाही.

गाडीत ती खिडकीशी बसली होती. गाव जवळ येऊ लागलं तशी तिने मान गुडघ्यांत घातली. आबा मला म्हणाले, माहेराकडे निघालेल्या बाया रडतातच. ते माहेर नव्हतं, सासर होतं. नवरा वारलेला, घरात दीर आणि जाऊ. त्यांनी आमचं आगतस्वागत छान केलं, चहा केला, आबांना टॉवेल दिला. मी फोटो काढला. फोटोत सगळे हसताहेत. ती मात्र शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी हात सरळ सोडून उभी आहे. 'आणखी एक जण घरी पोचली' असं लिहून मी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि दिवसभर लोकांचे हात जोडलेले निरोप मोजत बसले.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी ती परत आली. त्याच खांबाशी बसलेली दिसली. डबा नव्हता. डावा हात कोपराखाली मोडून वाकडा जुळलेला होता, आणि डोक्यावरचे केस कुणीतरी कसेही कापले होते. आबा हातातली पोह्यांची बशी माझ्याकडे देऊन तिच्याकडे लगबगीने निघाले. ते समोर येऊन बसणार, तेवढ्यात तिने दोन्ही हात कानांवर दाबून धरले. वाकडा हात नीट पोचत नव्हता, तरी ती तो दाबत राहिली. आबा अर्धवट वाकलेले, तसेच थांबले. मग उठले आणि सावकाश मागे मागे आले.

मी जवळ गेले तेव्हा ती बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. "त्यासले सांगा, मना गावनं नाव लेवू नका."

मी ते आबांना जसंच्या तसं सांगितलं. न सांगता आलं असतं, पण सांगितलं. त्यानंतर मी त्यांच्या तोंडून थांबे ऐकले नाहीत. औषधांच्या दुकानदारांच्या ओळखीने मावशीला जळगावला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, राहायची सोयही तिथेच झाली. ती निघाली त्या सकाळी आबा स्टँडवर आले होते, पण पुढे आले नाहीत. रसवंतीच्या आडोशाला उभे राहून गाडी सुटेपर्यंत पाहत होते. तिने कोणाचा निरोप घेतला नाही.

मग आबांनी वही काढली. त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं: डोळा थांबतो तो ओढीनेही थांबतो आणि भीतीनेही, आणि आपल्याला दोन्ही सारखेच दिसले. मग वहीतली बाकीची माणसं? ते एकेका घरी जाऊ लागले. आधी कळवायचे नाहीत. ओट्यावर बसून पाणी प्यायचे, आणि निघताना त्या माणसाला म्हणायचे, मला गाडीपर्यंत सोडायला चल. घरच्यांना ऐकू येणार नाही इतकं लांब गेल्यावर विचारायचे, "ऱ्हानं शे, का चालनं शे?" म्हणजे इथेच राहायचंय, की माझ्याबरोबर यायचंय? बहुतेक जण हसायचे. एका म्हाताऱ्या आजीने तर त्यांची खरडपट्टी काढली, नातवाचं लग्न तोंडावर आलंय आणि हे काय विचारता म्हणून. पण दोघे त्यांच्याबरोबर परत आले. एका घरी, तो माणूस वारला एवढंच कळलं, आणि कसा ते कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी आबा घरी आले ते चपला न काढता खुर्चीत बसून राहिले. अक्कांनी ताट वाढून झाकून ठेवलं, ते तसंच राहिलं. मी त्यांना समजावत असे, की शेकड्यात एखादी चूक होणारच. ते शांतपणे म्हणाले, "बाई, खिडकीतून मी एकाला चुकीची गाडी सांगितली, तर तो एकटाच चुकीच्या गावी उतरतो. त्याला शेकडा काय करायचाय?"

या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यात त्यांनी वही माझ्या हातात दिली. सगळ्या नावांपुढे, परत जाऊन विचारून आल्याची, बारीक खूण होती, एक सोडून. पारोळ्याच्या पुढच्या एका गावचे टोपीवाले बाबा. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं त्या आठवड्यात मी एकटीनेच या बाबांपुढे थांबे म्हटले होते, मीच डोळा थांबलेला पाहिला होता आणि मीच त्यांना पोचवून आले होते. फार अभिमान वाटला होता तेव्हा. "हे तुमचं आहे," आबा म्हणाले. "तुम्हीच विचारा." चार दिवसांनी ते गेले.

मी तीन महिने टाळाटाळ केली, मग गेले. दोन मुलगे, सुना, पक्कं घर, बोलायला सगळे गोड. बाबांची खाट गोठ्यात होती. म्हातारं माणूस उठून कुठेही निघून जातं म्हणून तिथे ठेवलंय, असं थोरल्याने सांगितलं. बाबांच्या अंगावर धोतर स्वच्छ होतं. पायाच्या घोट्याशी दोरी घासल्यासारखी लाल रेघ होती. मी म्हटलं, बाबा मला गाडीपर्यंत सोडतील का? थोरला हसून म्हणाला, त्यांना कशाला त्रास, मी मोटारसायकलवर सोडतो. चहा संपला. मी वाकून बाबांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि अगदी हळू म्हणाले, "बाई, मले संगे ली चाल."

मी वर पाहिलं. दोघे मुलगे दारात उभे होते, हसत होते. बाबांना नेऊन ठेवणार कुठे, फलाटावर? मी एकटी, हे दोघे धट्टेकट्टे, गाव त्यांचं. असं सगळं त्या एका क्षणात माझ्या मनात येऊन गेलं, आणि ते खोटंही नव्हतं. आबांनी काय केलं असतं हेही मला माहीत होतं. मी मोठ्याने म्हणाले, "हो बाबा, पुढच्या रविवारी येते हं." थोरला म्हणाला, या ना केव्हाही. बाबांनी माझं मनगट सोडून दिलं.

त्याला पाच रविवार झाले. दर रविवारी मी लवकर उठते, आवरते, स्टँडवर जाते. पोहे वाटते. आणि पारोळ्याची गाडी लागली, की ती सुटेपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभी राहते.