नळी हलवणारा हात

डॉ. हेमलता नाखवा यांची आणि माझी पहिली भेट १९८३ साली झाली, डोंबिवली पूर्वेच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर. तंत्रज्ञाच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेले होते. बाईंनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि हातात एक काचेची नळी दिली. "तळाशी साका बसलाय, तो मोकळा कर." कॉलेजात शिकले होते तशी मी ती अंगठ्याने बंद करून खळाखळा हलवली. बाई म्हणाल्या, "झालं. सगळी फुलं गळली."

फुलं म्हणजे काय, ते त्यांनी त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काही हाडांच्या मज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत वाढतात. आपलं कुठलं आणि परकं कुठलं, याची पारख त्यांना तिथे व्हावी लागते. बहुतेक पेशी त्या परीक्षेत नापास होऊन तिथेच मरतात. उरतात त्या टी पेशी. मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या टी पेशींना चिकटतात, आणि मध्ये एक पेशी, भोवती पाकळ्या, असं फूल दिसतं. दोनशे पेशी मोजायच्या, त्यांत फुलं किती ते लिहायचं. निरोगी माणसात ती निम्म्याहून अधिक असतात. पण पाकळ्या अगदी सैल धरलेल्या असतात. रात्रभर थंड ठेवलेली नळी सकाळी मोकळी करताना हात जड पडला, की फुलं सुटतात आणि निरोगी माणूसही टी पेशी नसलेला दिसू लागतो. बाई सांगायच्या, "झोपलेल्या बाळाखालून दुपटं काढतेस ना, तशी हलव."

मुलाखतीत मलाही मोजायला बसवून, किती पेशी मोजल्या, असं त्यांनी विचारलं होतं. मी एकशे साठवर कंटाळून थांबले होते, आणि तसं सांगितलं. त्या उत्तरावर नोकरी मिळाली, हे मला पुढे कळलं.

मेंढीचं रक्त खडवलीहून यायचं. दर पंधरवड्याला बाई पशुवैद्यांना घेऊन स्वतः जात. मेंढीचा मालक विचारायचा, "तुमच्या डोंबिवलीत मान्सांना रगत नाय का, बाई? माझ्या मेंढीचं नेता?" बाई म्हणत, "आहे हो. पण त्यांच्या रक्ताचा भरवसा तुमची मेंढीच देते." मग मेंढीला गूळ चारून परत येत.

बाईंचे दोन नियम होते. रुग्णाच्या नमुन्यासोबत एका निरोगी माणसाचा नमुना त्याच वेळी, त्याच हाताने तयार करून मोजायचा. आणि कुठली नळी कुणाची, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. खुणा दुसऱ्या कुणी घालायच्या. १९८६ साली एकाच सकाळी मी हे दोन्ही नियम मोडले.

माझी थोरली बहीण विजूताई तेव्हा मानपाड्याला राहायची. तिचं पहिलं मूल चार महिन्यांचं असताना दगावलं होतं. दुसरा मंदार पाच महिन्यांचा झाला आणि त्याला दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. तोंडातली पांढरी बुरशी काही केल्या जाईना. बालरोगतज्ज्ञांनी बीसीजीची लस थांबवली आणि त्याला आमच्याकडे पाठवलं. टी पेशी नसलेल्या मुलाला ती लससुद्धा मारू शकते. आणि त्या पेशी नाहीतच असं निघालं, तर त्यावर त्या काळी आमच्या आवाक्यातला कुठलाही उपाय नव्हता. हे ताईला माहीत नव्हतं. मला होतं.

बाईंनी विचारलं, "दुसऱ्या कुणाकडे देऊ का?" मी म्हटलं, "मीच करते." हा कामावरचा विश्वास होता की दुसऱ्याने आधी पाहू नये ही भीती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाळाचं रक्त थोडंसंच निघालं होतं, त्यामुळे खूण न पाहताही नळी ओळखू आली. मी तीच आधी घेतली. दोनशेत फुलं निघाली एकोणीस. सोबतची निरोगी नळी माझ्याच रक्ताची होती. ती मी मोजलीच नाही. बाहेर बाकावर ताई मंदारला थोपटत होती, तो आवाज आत येत होता.

मी बाईंपुढे वही ठेवली.

"दुसरी नळी?"

"मोजली नाही."

"का?"

"आता मोजून काय करायचं, बाई? कळलं ना."

"तुला काय कळलं? बस. मोज."

मी मोजली. तेवीस. बाईंनी आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुझ्याही अंगात टी पेशी नाहीत. आणि तीस वर्षं काढलीस. कशी हलवलीस नळी?"

मला आठवेना. अजूनही आठवत नाही. त्या दिवशीच्या रोजनिशीत एवढंच आहे: 'हात थरथरत होता हे बाईंनी सांगितल्यावर कळलं.'

पुन्हा रक्त घ्यावं लागणार होतं. बाई स्वतः बाहेर गेल्या आणि ताईला म्हणाल्या, "आमच्याकडून चूक झाली. एक आकडा आलाय, पण तो खोटा आहे, म्हणून सांगत नाही."

"वाईट आहे ना?" ताईने विचारलं.

"खोटा आहे. खरा उद्या सकाळी."

"उद्यापर्यंत मी काय करू हो?"

बाई ताईबरोबर मानपाड्याला गेल्या. संध्याकाळभर तिथे बसल्या, ताईच्या हातचा भात खाल्ला, मंदारला मांडीवर घेतलं. धीराचं एक वाक्यही त्या बोलल्या नाहीत, असं ताई सांगते. "नुसत्या बसल्या गं. पण त्या होत्या म्हणून मी बसू शकले."

दुसऱ्या दिवशी मी विनवलं, "बाई, आज तुम्हीच करा."

"नाही. आज मी केलं तर उद्यापासून तू कुणाचीच नळी धरणार नाहीस. भीती वाटतेय तर वाटू दे. दुपटं काढ."

या वेळी माझं आणि मंदारचं रक्त आपापल्या नळीत सारख्याच मापाने घातलं होतं आणि खुणा प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशींनी घातल्या होत्या. पहिलीत एकशे तेरा, दुसरीत एकशे एकवीस. फुलं हवी होती म्हणूनच ती मला दिसली की काय, या भीतीने मी पुन्हा मोजलं. मग माझे आकडे न पाहता बाईंनी मोजलं: एकशे नऊ आणि एकशे चोवीस. खुणा उघडल्या. कमीची नळी मंदारची होती, पण त्याच्या वयाला ती पुरेशी होती. बाहेर जाऊन ताईला बाईंनीच सांगितलं.

आपल्या कामाकडेही बाईंनी याच डोळ्यांनी पाहिलं. मुंबईत असताना इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींचा शोध घेण्यात त्यांची सहा वर्षं गेली. पुढे ती कल्पना जगभर मोडीत निघाली, तेव्हा त्या आम्हाला सरळ म्हणाल्या, "मी ज्याच्या मागे होते ते बहुधा नव्हतंच." अलीकडे अशा पेशी खरोखर असाव्यात, असं परदेशातलं नवं काम सांगू लागलं. मी आनंदाने तो शोधनिबंध त्यांच्याकडे घेऊन गेले. पहिला प्रश्न आला, "सोबतची निरोगी नळी कुठे आहे, दाखव." ती सापडल्यावर त्या थोडंसं हसल्या.

मेंढीच्या रक्ताची पद्धत आता मागे पडते आहे. मोठ्या शहरांत यंत्रं मोजतात. मंदार बारा वर्षांचा आहे, त्याला चारचौघांसारखी सर्दी होते, आणि तो खोकला की मी अजून कान देऊन ऐकते. हात कुणाचा थरथरला, हे मी ताईला बारा वर्षांत सांगितलं नाही. 'आमच्याकडून' या बाईंच्या एका शब्दामागे लपून राहिले. बाईंच्या साठीचा हा गौरवग्रंथ ताईच्या हाती जाणार आहे. म्हणून मी बाईंची परवानगी मागायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही. पण आकडा एकच लिहू नकोस. दोन्ही नळ्यांचे लिही." ते मी लिहिले आहेत. ताई, हात माझा होता.

बाईंना साठावं वर्ष लागलं. गेल्या वर्षापासून त्या नळीला हात लावत नाहीत. उजवा हात कापतो, हे त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच सांगितलं. येत्या आठवड्यात त्यांच्या तपासण्या आहेत. बाकावर बसायला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि धीराचं काही बोलणार नाही. त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. आणि आत जो कोणी त्यांची नळी हलवत असेल, त्याचा हात हलका असो.