तीन थरांची वडी

लढाई संपल्यावर माझे यजमान इटलीहून परत आले ते जबड्याला जखम घेऊन. डाव्या बाजूचे दात गेले होते आणि तोंड नीट मिटत नव्हतं. खाताना ओघळ यायचा, म्हणून ते आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून जेवत. पलूसच्या आमच्या घरात पुरुषांची पंगत ओसरीवर बसायची. तिथं त्यांचा पाट मांडायचं हळूहळू बंदच झालं.

मी भाकरी दुधात कुस्करून द्यायची. एकदा त्यांनी सांगितलं, तिकडच्या इस्पितळात गोठवलेल्या दुधाची वडी मिळायची, एकावर एक रंगीत थर असलेली. चावावी लागायची नाही आणि दुखऱ्या हिरडीला बरं वाटायचं. एवढं बोलायलासुद्धा त्यांना कष्ट पडले. ही वडी घरात करायची, असं मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

आइस्क्रीम मी एकदाच होताना पाहिलं होतं, सांगलीला माहेरी, शेजारच्या जैन व्यापाऱ्यांकडच्या लग्नात. बर्फात मीठ घातलं की गारवा वाढतो, एवढंच तेव्हा कळलं होतं. सासूबाई म्हणाल्या, गारठ्यानं जखम चिघळेल. मामंजी मात्र मिरजेला गेले तेव्हा येताना बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून घेऊन आले.

साखर रेशनची. जेवढी होती तेवढी आटवलेल्या दुधात घातली आणि रायवळ आंब्याच्या रसात गूळ किसून घातला. पितळी डब्यात आधी दूध, त्यावर रस, वर पुन्हा दूध ओतलं आणि डबा बर्फामिठात पुरला. संध्याकाळी उघडून पाहते तर थर कसले, सगळं एक होऊन पिवळट काला झालेला. शिवाय झाकणातून खारं पाणी आत शिरलेलं. मी परसात ते ओतत असताना मामंजी मागं येऊन उभे राहिले. कशानं बिघडलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"म्होरल्या आठवड्यात पुन्ना आणतो," ते म्हणाले. "तवर त्या डब्याचं तोंड कसं बंद करायचं ते बघ."

मी कणकेनं झाकण लिंपायचं ठरवलं. दुसऱ्या खेपेला घाई केली नाही. दुधाचा थर बोटानं दाबून दगडासारखा लागेपर्यंत वर काही ओतलं नाही. त्यात दुपार गेली. दर थराला कणीक काढायची, पुन्हा लिंपायची, वितळलेलं पाणी काढून नवा बर्फ आणि मीठ भरायचं. हात बधिर होऊन बोटं लाल झाली. सासूबाई आधी लांबून बघत होत्या. मग त्यांनीच डबा धरायला हात लावला.

त्या दिवशी नणंदेच्या सासरची माणसं आली होती. ओसरीवर पाट मांडताना मी यजमानांचाही मांडला आणि आत जाऊन त्यांना बाहेर बसायला सांगितलं. त्यांनी मान हलवली. नको.

"आवं, चला," मी म्हणाले. "ही वडी हातात घेतली की पाघळती. आज समद्यांच्याच हनुवटीला ओघळ येणार हाय."

 मग ते उठले, खांद्यावर पंचा टाकला आणि बाहेर गेले.

सुरी गरम पाण्यात बुडवून मी वड्या कापल्या. पांढरा, पिवळा, पांढरा, थर सरळ आले होते. सगळ्यांत आधी त्यांना दिली. त्यांनी वडी डोळ्यांसमोर धरून पाहिली, तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. व्याही मनगटावरचं चाटत होते, मामंजींच्या मिशांना रस लागला होता. कोण कसं खातंय हे बघायला कुणाला सवडच नव्हती.

"तिकडं तांबडा थर असायचा," यजमान सावकाश म्हणाले. "पर आंबा न्हवता."

आणि त्यांनी आणखी एका वडीसाठी हात पुढं केला.